रंग पुन्हा गेले: इमॅक्समधल्या हायलायटिंग फंक्शनची डॉकस्ट्रिंग काय सांगत नाही

लक्षणं ओळखीची आहेत. इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडली की कमेंट आणि स्ट्रिंग नीट रंगलेल्या दिसतात, कीवर्ड मात्र एका तुकड्यात रंगीत आणि दुसऱ्यात कोरे. किंवा रंग आहे, पण शेजारच्याच शब्दावर. किंवा सगळ्यात वाईट: एका ठरावीक ओळीपर्यंत खाली गेलं की इमॅक्स जागच्या जागी गोठतो आणि चालू काम थांबवणारं कंट्रोल-जी कितीही वेळा दाबा, ढिम्म हलत नाही.

स्वतःच्या कामाच्या नोंदी ठेवायला मी एक छोटा मेजर मोड (एका प्रकारच्या फाइलसाठी इमॅक्सचं वागणं ठरवणारा कोड) लिहिला आहे. कामाची स्थिती सांगणारे शब्द, त्यांच्यापुढची तारीख आणि तीन-तीन टिल्डांच्या मध्ये ठेवलेला कोड, एवढंच तो रंगवतो. वरचे तिन्ही प्रकार या एवढ्याशा मोडमध्ये झाले, आणि एकदा होऊन थांबले नाहीत. दरवेळी तासभर शोधाशोध, दोन ओळींची दुरुस्ती, आणि काही महिन्यांनी काहीतरी नवीन घालायला गेलो की पुन्हा श्रीगणेशा. शेवटी वैतागून मॅचरची, म्हणजे रंगवायचे शब्द शोधणाऱ्या फंक्शनची, डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेलं फंक्शनचं वर्णन) वाचली. मीच लिहिलेली होती: «स्थितिशब्द रंगवते.» हे तर फंक्शनच्या नावावरूनच कळत होतं. शिवाय ते खोटंही होतं, कारण हे फंक्शन काहीच रंगवत नाही. ते फक्त शोधतं, रंगवतो फॉन्ट-लॉक, म्हणजे इमॅक्समधली रंगवण्याची यंत्रणा.

दोघांमधला हा करार कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून मी तो दरवेळी नव्याने मोडत होतो. खाली एकेक बिघाड, त्याची दुरुस्ती आणि तो परत येऊ नये म्हणून डॉकस्ट्रिंगमध्ये काय लिहायचं ते दिलं आहे. फंक्शन्सची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना ती रोमनमध्येच, मधल्या आडव्या रेघांसकट लिहायची.

आधी एरर कुठे जाते ते बघा

इमॅक्स २१ पासून रंगवण्याचं काम जिट-लॉककडे आहे. अख्खी फाइल एकदम रंगवली जात नाही. जो तुकडा पडद्यावर येणार तेवढाच, आणि तोही पडदा काढण्याच्या कामाच्या पोटात. तिथे एरर उठली की डीबगर उघडत नाही. डीबग-ऑन-एरर लावून ठेवलं तरी उपयोग नाही. एरर गिळली जाते आणि मेसेजेस नावाच्या बफरमध्ये (इमॅक्समध्ये उघडलेला मजकूर म्हणजे बफर) «एरर ड्युरिंग रिडिस्प्ले» अशी एक ओळ पडते. ती ओळ बघायचं आपल्याला सुचत नाही, कारण आपलं लक्ष रंगांकडे असतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे मेसेजेस बफर उघडणं. तिथे काही सापडलं तर जिट-लॉक-डीबग-मोड चालू करा. तो रंगवण्याचं काम पडद्याच्या पोटातून काढून टायमरवर टाकतो, मग डीबग-ऑन-एरर आणि ई-डीबग (कोड पायरीपायरीने चालवणारा डीबगर) दोन्ही नेहमीसारखे चालतात. हा मोड कितीतरी वर्षं इमॅक्समध्ये आहे. मला तो खूप उशिरा सापडला, आणि तोपर्यंत मी मॅचरमध्ये जागोजागी मेसेज छापत बसलो होतो.

मेसेजेस बफरमध्ये काहीच नसेल तर कर्सर संशयित अक्षरावर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह. त्या अक्षरावर कोणता फेस (रंग आणि रूप) बसलाय ते खाली दिसतं. दुरुस्ती करून बघताना इमॅक्स २८ किंवा पुढचा असेल तर फॉन्ट-लॉक-डीबग-फॉन्टिफाय ही कमांड वापरा. ती फॉन्ट-लॉकची मांडणी नव्याने करून बफर पुन्हा रंगवते. कीवर्डची यादी (काय शोधायचं आणि कोणत्या फेसने रंगवायचं याच्या नोंदी) डेफव्हारमध्ये, म्हणजे व्हेरिएबल जाहीर करणाऱ्या कोडमध्ये, असेल तर त्याआधी कर्सर त्या डेफव्हारवर ठेवून कंट्रोल-मेटा-एक्स दाबा. अख्खा बफर इव्हॅल करून, म्हणजे त्यातला सगळा कोड चालवून, भागत नाही, कारण आधीच किंमत असलेल्या डेफव्हारला ते हात लावत नाही. «दुरुस्त केलं तरी तसंच आहे» अशा माझ्या निम्म्या तक्रारी इथेच संपल्या.

तुकड्यातुकड्याने जाणारे रंग: कोट विसरला

मेसेजेसमध्ये व्हॉइड-व्हेरिएबल आणि पुढे तुमच्याच फेसचं नाव दिसलं, तर कारण बहुतेक वेळा हेच. कीवर्डच्या नोंदीत फेसच्या जागी जे लिहितो ते नाव नसतं, ती एक्स्प्रेशन असते, आणि फॉन्ट-लॉक ती इव्हॅल करतो. फॉन्ट-लॉक-कीवर्ड-फेस या नावाचा फेस आहे आणि त्याच नावाचं व्हेरिएबलही आहे, ज्याची किंमत म्हणजे ते नावच. त्यामुळे कोट (इव्हॅल न करता नाव तसंच घ्या असं सांगणारी ' ही खूण) न लावता ते चालून जातं. आपण ती ओळ कॉपी करतो, तिथे स्वतः डेफफेसने केलेल्या फेसचं नाव टाकतो, आणि त्या नावाचं व्हेरिएबल अस्तित्वातच नसतं.

फसवणूक पुढे आहे. ही एक्स्प्रेशन शब्द सापडल्यावरच इव्हॅल होते. ज्या तुकड्यात तो शब्द नाही तो तुकडा व्यवस्थित रंगतो. ज्यात आहे त्यात एरर येते आणि यादीतल्या त्यापुढच्या सगळ्या नोंदी राहून जातात. कमेंट आणि स्ट्रिंग मात्र आधीच रंगलेल्या असतात, कारण सिंटॅक्स टेबलवरून (कोणतं अक्षर कमेंट किंवा स्ट्रिंग सुरू करतं ते सांगणारा तक्ता) होणारं रंगकाम कीवर्डच्या आधी उरकतं. म्हणून बिघाड अधूनमधून येतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो अगदी नेमाने येतो, फक्त त्या शब्दाबरोबर.

दुरुस्ती एका खुणेची: यादी आधीच कोट केलेली असली तरी आतल्या फेसच्या नावापुढे आणखी एक कोट लावायचा. फेसच्याच नावाचं व्हेरिएबल करून ठेवणं हा दुसरा मार्ग, जुन्या कोडमध्ये सर्रास दिसतो. चालतो, पण पुढच्या माणसाला त्याच खड्ड्यात ढकलतो.

याची नोंद दोन ठिकाणी हवी. कीवर्डच्या यादीच्या डॉकस्ट्रिंगमध्ये एक वाक्य: «फेसची जागा इव्हॅल होते; स्वतःचे फेस कोट करून लिहा.» आणि डेफफेसच्या डॉकस्ट्रिंगमध्ये तो फेस कोणत्या गोष्टीवर बसतो ते. फेसच्या नावाच्या शेवटी «-फेस» लावू नये असं इमॅक्सची नियमावली सांगते. मीही आता लावत नाही, आणि त्यामुळे व्हेरिएबल आणि फेस यांच्यात माझा गोंधळही कमी झाला.

रंग चुकीच्या शब्दावर: मॅच-डेटा पुसला

मॅचरच्या जागी रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायच्या मजकुराचा नमुना) द्या किंवा फंक्शन. फंक्शन दिलं तर फॉन्ट-लॉक त्याला एकच आर्ग्युमेंट देतो, लिमिट, म्हणजे कुठपर्यंत शोधायचं ती जागा. फंक्शनने पॉइंटपासून (कर्सरच्या जागेपासून) पुढे शोधायचं, लिमिटच्या पलीकडे जायचं नाही, सापडलं तर नॉन-निल (निल म्हणजे «नाही», टी म्हणजे «हो») परत द्यायचं आणि कुठे सापडलं ते मॅच-डेटामध्ये ठेवायचं. यातलं मॅच-डेटाचं कलम सगळ्यात सहज मोडतं.

माझं फंक्शन आधी री-सर्च-फॉरवर्डने शब्द शोधत होतं आणि मग लुकिंग-ॲटने पुढे तारीख आहे का ते बघत होतं. लुकिंग-ॲट स्वतःचा मॅच-डेटा लिहितं. शब्दाची जागा गेली, तारखेची राहिली, आणि रंग तारखेवर बसला. असं नुसतं तपासायचं असेल तेव्हा शेवटी «-पी» असलेलं लुकिंग-ॲट-पी किंवा स्ट्रिंग-मॅच-पी वापरा, ती मॅच-डेटाला हात लावत नाहीत. इतर कुठलं फंक्शन बोलवायचं असेल तर सेव्ह-मॅच-डेटामध्ये गुंडाळा.

याच घरातला दुसरा बिघाड म्हणजे «नो मॅच २ इन हायलाइट» अशी एरर. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला दुसरा गट (कंसातला भाग) ऐच्छिक होता, तारीख असेल किंवा नसेल. नसलेल्या गटाला रंगवायला सांगितलं की फॉन्ट-लॉक एरर देतो. त्या गटाच्या नोंदीत फेसनंतर ओव्हरराइडची (आधी बसलेल्या रंगावर चढायचं का) जागा येते आणि त्यानंतर लॅक्समॅचची. तिथे टी द्या, मग नसलेला गट गुपचूप सोडला जातो. कोणता गट ऐच्छिक आहे हे फंक्शनला माहीत असतं आणि लॅक्समॅच यादीत असतो. दोन्ही शंभर ओळींच्या अंतरावर. डॉकस्ट्रिंगशिवाय यांची गाठ कोण घालून देणार?

गोठणारा इमॅक्स

इथे जरा थांबतो, कारण यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

स्थितिशब्द कमेंटमध्ये असेल तर रंगवायचा नाही, असं मला हवं होतं. नुसतं रंगवायचं नसेल तर खरं म्हणजे काहीच करावं लागत नाही: कमेंटचा रंग आधीच बसलेला असतो आणि ओव्हरराइड दिला नसेल तर कीवर्ड त्यावर चढत नाही. पण माझ्या नोंदीत दुसऱ्या कारणासाठी ओव्हरराइड होता. म्हणून मॅचरमध्ये लूप घातला: शब्द शोध, तो कमेंटमध्ये आहे का ते सिंटॅक्स-पीपीएसएस या फंक्शनला विचार, असेल तर पुढचा शोध. सिंटॅक्स-पीपीएसएस परत देतं त्या यादीतला आठव्या क्रमांकाचा घटक, शून्यापासून मोजून, निल नसेल तर आपण कमेंटच्या किंवा स्ट्रिंगच्या आत आहोत. इथपर्यंत सगळं बरोबर.

विचारताना जागा म्हणून मी मॅचची सुरुवात दिली. सिंटॅक्स-पीपीएसएस परतताना पॉइंट त्याच जागी सोडतं. त्याच्या डॉकस्ट्रिंगमध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे, मी वाचलं नव्हतं. म्हणजे शब्द कमेंटमध्ये असला की पॉइंट त्या शब्दाच्या सुरुवातीला मागे येणार, पुढचा शोध तोच शब्द देणार, तोही कमेंटमध्येच असणार, आणि हे असंच अनंतकाळ. रिकाम्या मॅचमुळे अडकू नये म्हणून फॉन्ट-लॉकने स्वतःच्या लूपमध्ये सोय केलेली आहे, पॉइंट पुढे सरकला नाही तर तो एक अक्षर ढकलतो. पण आपल्या फंक्शनच्या आतल्या लूपपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

आणि हे सगळं पडदा काढण्याच्या पोटात चाललेलं असल्यामुळे तिथे क्विट बंद असतं. कंट्रोल-जी म्हणूनच लागत नाही.

अडकलात तर लिनक्स किंवा मॅकवर दुसऱ्या टर्मिनलमधून किल कमांडने इमॅक्सच्या प्रोसेसला युएसआर-टू सिग्नल पाठवा. डीबग-ऑन-इव्हेंट या व्हेरिएबलची मूळ किंमत तीच आहे, त्यामुळे इमॅक्स डीबगरमध्ये येण्याचा प्रयत्न करतो आणि न साठवलेलं काम वाचण्याची शक्यता राहते. मग ग्लोबल-फॉन्ट-लॉक-मोड बंद करा, फाइल पुन्हा उघडा, पॉइंट बफरच्या सुरुवातीला न्या आणि मेटा-कोलनने मॅचर हाताने बोलवा, लिमिट म्हणून पॉइंट-मॅक्स (बफरचा शेवट). आता तुम्ही पडद्याच्या पोटाबाहेर आहात, कंट्रोल-जी चालतं. डीबग-ऑन-क्विट लावून ठेवलं तर लूप नेमका कुठे फिरतोय तेही दिसतं. हीच युक्ती न गोठणाऱ्या बिघाडांनाही लागू पडते: मॅचर हाताने चालवा, पॉइंट कुठे थांबला ते बघा, मॅच-बिगिनिंग शून्य आणि एक (अख्खी मॅच आणि पहिला गट कुठे सुरू होतात ते) विचारा. पाच मिनिटांचं काम.

दुरुस्ती म्हणजे सिंटॅक्स-पीपीएसएसभोवती सेव्ह-एक्स्कर्शन (ते पॉइंट परत जागेवर आणतं) आणि सेव्ह-मॅच-डेटा. दोन वर्षांनी «हे इथे कशाला?» म्हणत मीच सेव्ह-एक्स्कर्शन काढून टाकलं होतं. इमॅक्स पुन्हा गोठला. या लेखाचं निमित्त ते.

आता डॉकस्ट्रिंग

आज त्या मॅचरची डॉकस्ट्रिंग अशी आहे:

> लिमिटच्या आधी, कमेंट आणि स्ट्रिंगबाहेर येणारा पुढचा स्थितिशब्द शोधते.
> फॉन्ट-लॉक-कीवर्ड्समधला मॅचर. शोध पॉइंटपासून सुरू होतो.
> सापडला तर पॉइंट मॅचच्या शेवटी ठेवून टी, नाहीतर निल.
> मॅच-डेटा: गट १ शब्द, गट २ तारीख. गट २ नसू शकतो, यादीत लॅक्समॅच आवश्यक.
> सिंटॅक्स-पीपीएसएस पॉइंट मागे नेतं. सेव्ह-एक्स्कर्शन काढल्यास इमॅक्स गोठतो.

पहिली ओळ एक पूर्ण वाक्य, कारण अप्रोपॉसच्या (नावं शोधून देणारी कमांड) यादीत तेवढीच दिसते. «पॉइंटपासून» हा शब्द मुद्दाम आहे. फंक्शनने स्वतःहून ओळीच्या सुरुवातीला जाऊन शोधायला सुरुवात केली की तोच शब्द पुन्हा पुन्हा सापडतो. फॉन्ट-लॉक तेच फंक्शन त्याच लिमिटसह पुन्हा बोलवतो, आधीच्या खेपेला पॉइंट जिथे सोडला तिथूनच. निल देताना पॉइंट कुठेही असला तरी चालतो, म्हणून त्याबद्दल काही लिहिलं नाही. शेवटची ओळ शैलीच्या दृष्टीने खटकेल; कारण कमेंटमध्ये द्यावं, डॉकस्ट्रिंगमध्ये नाही, असं म्हणणारे भेटतील. माझी कमेंट मीच एकदा कोडबरोबर पुसली होती, तेव्हा मला हेच बरं.

मराठीत लिहिताना एक अडचण येते. आर्ग्युमेंटचं नाव डॉकस्ट्रिंगमध्ये रोमन मोठ्या अक्षरांत लिहायचा इमॅक्सचा संकेत आहे आणि देवनागरीला मोठी अक्षरं नाहीत. फाइलमध्ये मी फक्त आर्ग्युमेंटचं नाव रोमन मोठ्या अक्षरांत ठेवतो, बाकी सगळं मराठी. चेकडॉक (डॉकस्ट्रिंग तपासणारं साधन) त्यावर समाधानी असतो. तो आणखीही बऱ्याच गोष्टींवर कुरकुर करतो, सगळ्या ऐकायलाच पाहिजेत असं नाही. ऐंशी अक्षरांपलीकडे जाणाऱ्या ओळीवर मात्र इमॅक्स २८ पासून बाइट-कंपायलरही बोलतो, ते ऐका.

रेग्युलर एक्स्प्रेशन डॉकस्ट्रिंगमध्ये उतरवू नका. बॅकस्लॅश दुप्पट करावे लागतात, सरळ अवतरणचिन्ह मदतीच्या बफरमध्ये गोल होऊन बसतं, आणि खरी एक्स्प्रेशन बदलली की ही जुनी होते. एक्स्प्रेशन आरएक्स मॅक्रोने लिहा, ती स्वतःच वाचता येते.

आणि लॅम्ब्डा नको. यादीत थेट लिहिलेल्या निनावी फंक्शनला कंट्रोल-एच एफने (फंक्शनची माहिती दाखवणारी कमांड) गाठता येत नाही, हाताने बोलवता येत नाही, आणि बॅकट्रेसमध्ये ते ओळखू येत नाही. नाव द्या.

अनेक ओळींचा मजकूर

टिल्डांमधला कोड फाइल उघडताना नीट रंगतो आणि मधली एखादी ओळ बदलली की तिचा रंग उडतो. बदल झाला की फॉन्ट-लॉक साधारण त्या ओळीपुरतंच बघतो, आणि त्या ओळीत टिल्डा नाहीत. यावर फॉन्ट-लॉक-एक्स्टेंड-रीजन-फंक्शन्समध्ये आपलं फंक्शन घालता येतं. त्याला एकही आर्ग्युमेंट मिळत नाही. फॉन्ट-लॉक-बेग आणि फॉन्ट-लॉक-एंड ही व्हेरिएबल्स वाचायची, गरज असेल तर रुंदावायची, आणि खरंच काही बदललं तरच नॉन-निल द्यायचं. उगाच टी दिलं तर यादी पुन्हा पहिल्यापासून चालवली जाऊ शकते, आणि पुन्हा एकदा गोठणं नशिबी येऊ शकतं. आर्ग्युमेंट नसलेल्या फंक्शनचं सिग्नेचर बघून यातलं काहीही कळत नाही, सगळं डॉकस्ट्रिंगवरच आहे. माझ्या मोडमध्ये शेवटी सिंटॅक्स-प्रॉपर्टाइझ-फंक्शन वापरून त्या टिल्डांनाच सिंटॅक्स दिला. तो मार्ग जास्त टिकाऊ ठरला.

एक छोटी गोष्ट: हाताने फेस प्रॉपर्टी लावून रंगवलेला मजकूर पुढच्या रंगकामात पुसला जातो. तिथे फॉन्ट-लॉक-फेस ही प्रॉपर्टी लावायची.

ट्री-सिटर असेल तर

इमॅक्स २९ पासून ट्री-सिटर (कोडचं व्याकरण ओळखून त्याचं झाड बनवणारी लायब्ररी) आहे आणि वरचे बरेच बिघाड तिथे संभवतच नाहीत. लिमिट नाही, मॅच-डेटा नाही. नियमात फेसच्या जागी फंक्शन दिलं तर त्याला नोड (त्या झाडाचा एक तुकडा), ओव्हरराइड, सुरुवात आणि शेवट मिळतात, आणि हे फंक्शन मात्र खरोखरच रंगवतं. तेव्हा डॉकस्ट्रिंगमध्ये «शोधते» आणि «रंगवते» यांची अदलाबदल होऊ देऊ नका. तिथलं नवं दुखणं फीचरच्या (नियमांच्या गटाच्या) नावाचं आहे. प्रत्येक नियमाला फीचरचं नाव द्यावं लागतं, आणि ते ट्रीसिट-फॉन्ट-लॉक-फीचर-लिस्टमध्ये नसेल किंवा चौथ्या पातळीवर असेल तर रंग येत नाही, एररही येत नाही. ट्रीसिट-फॉन्ट-लॉक-लेव्हलची मूळ किंमत ३ आहे. नियमाशेजारी त्याची पातळी लिहून ठेवा.

इमॅक्स ३० मध्ये ईआरटी-फॉन्ट-लॉक हे रंगांच्या चाचण्यांचं साधन आलं आहे. नमुन्याच्या मजकुराखाली कमेंटमध्ये उलटा व्ही काढून त्याच्या पुढे अपेक्षित फेसचं नाव लिहायचं, आणि तीच चाचणी होते. मी तीन नमुने लिहिले आहेत: तारीख असलेला स्थितिशब्द, तारीख नसलेला, आणि कमेंटमधला. तिसऱ्याच्या वेळी सेव्ह-एक्स्कर्शन मुद्दाम काढून बघितलं. चाचणी नापास झाली नाही, लटकली. पण कंट्रोल-जीने सुटली.